तात्यांचा सोयरेसिस

आमचे तात्या माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी त्याच्या कोपराकडे. माझे हे थोरले चुलते फौजेतून निवृत्त होऊन कडेगावात राहिलेले, बिनलग्नाचे. त्यांच्या स्वतःच्या कोपरांवर, गुडघ्यांवर चंदेरी खपल्या होत्या. ते उठले की आई मुकाट्याने सतरंजी झटकायची.

फौजेतल्या डॉक्टरांनी सांगितलेला सोरायसिस तात्यांनी ‘सोयरेसिस’ ऐकला, आणि मग त्यांना काही समजावणं संपलंच. “नावातच सोयरं हायती. आपल्या घराण्यात ह्यो न्हवताच, सोयऱ्यांनी आणला,” असं म्हणून ते आजीच्या माहेराकडे, माण तालुक्याकडे बोट दाखवत. आजी भडकायची. “माझ्या म्हायेरात दुष्काळ हाय रं, खपल्या न्हाईत!”

विसाव्या वर्षी माझ्याही कोपरावर चट्टे आले. कराडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा घराण्यातून येऊ शकतो, सगळ्यांनाच होतो असं नाही, आणि शिवल्याने लागत तर मुळीच नाही. तात्यांनी गंभीरपणे मान हलवली. “म्हंजी तुझ्या आईकडनं.” आईने त्यांना दोन दिवस बिनसाखरेचा चहा दिला. उसाच्या घरात!

मग कराडचं स्थळ आलं. मुलगा मला मनापासून आवडला होता. घरात ठरलं, चट्ट्यांचा विषय काढायचा नाही. मला लांब बाह्यांचा ब्लाउज शिवला. पाहुणे हातपाय धुवायला आले तेव्हा तांब्या तात्यांच्या हाती. “बाह्या वर घ्या पावणं, भिजतील!” एकेकाचं कोपर त्यांनी डोळ्यांत तेल घालून तपासलं. सगळी स्वच्छ! तात्यांचं तोंड उतरलं. आता खपल्या आणणारे सोयरे आपणच, हे त्यांना तेव्हा उमगलं.

बैठकीत त्यांनी सरळ स्वतःची बाही वर केली. “आवं पावणं, आमच्यात ह्यो हाय. पोरीलाबी हाय. लागत न्हाई, पर पोराबाळांत उतरंल, न्हाईतर न्हाईबी.”

सगळं संपलं असंच वाटलं.

मुलाच्या आजीने शेजारी बसलेल्या आपल्या लेकाची टोपी उचलली. डोकं लख्ख! “आमच्यात ह्ये उतरतंय. चालंल का?”

हसता हसता सुपारी फुटली.

पाहुणे गेल्यावर आई तात्यांवर तुटून पडली, “सांगायची काय गरज हुती?”

तात्या बाही खाली करत म्हणाले, “माझ्या येळंला झाकलं हुतं. हळदीच्या दिशी पोरीकडच्यास्नी कळलं, लगीन मोडलं. पोरगी मला लय आवडली हुती.”

तोवर मी समजत होते, तात्यांना लग्नच करायचं नव्हतं.