बैलाला तेल पाजलं तेव्हा

जवसाच्या तेलाचा वास आला की अजून मला ती दुपार आठवते. लग्नाला दोनच महिने झाले होते. भर दुपारी आमच्या बैलाने दावं तोडून अंगणातल्या सोयाबीनच्या ढिगात तोंड घातलं आणि बघता बघता त्याची डावी कूस ढोलासारखी फुगली. नवरा केनवडच्या बाजाराला गेलेला. जनावरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, यायला तास तरी लागेल. इकडे बैलाची जीभ बाहेर आलेली. सासूने गोठ्याच्या आढ्यात खोचलेलं, औषध पाजायचं बांबूचं नळकांडं ओढलं, त्यात जवसाचं तेल भरलं आणि म्हणाली, "वेसण धर." मी कारंज्याच्या भाजीवाल्यांची लेक, बैलाला कधी हातही लावला नव्हता. "आत्याबाई, मले भेव लागून राह्यलं." "लागू दे. पण मुंडी लय वर नको उचलू. तेल फेफड्यात गेलं तं मरून जाईन तो." लय म्हणजे किती, हे विचारायचीही सोय नव्हती. घामाने वेसण हातातून निसटत होती. तिने थोडं थोडं तेल ओतलं, कूस चोळली. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग बैलाने लांबलचक, आंबट ढेकर दिली आणि सासू मटकन खाली बसली. "हे काम तुह्या सासऱ्याचं होतं," ती म्हणाली, "म्या तं आज पैल्यांदाच पाजलं. मलेही भेव लागलंच होतं." आज माझी सून मला धीट म्हणते, तेव्हा मी तिला हीच गोष्ट सांगते.