दुखणं हाताचं नव्हतं

सीटी स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, "इस्केमिक स्ट्रोक आहे. उजव्या मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलीय." म्हणजे तेवढ्या भागाला रक्तच मिळत नव्हतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मी हेच घोकत होते, पण ते परीक्षेत लिहायला. अव्वाच्या, माझ्या आईच्या, डोक्यात बघायला नव्हे!

अव्वा घरीच कडक भाकऱ्या करून विकते. माझा अभ्यास तिच्या परातीशेजारी चालायचा. या दुखण्याच्या काही दिवस आधी मी ज्वारीच्या पिठात बोटानं मेंदू काढून तिला दाखवला होता. मानेतून वर जाणाऱ्या रक्तवाहिन्या, तळाशी त्यांनी मिळून केलेलं कडं, सगळं. "आणि उजवा मेंदू डावा हात चालवतो," म्हटल्यावर ती खो-खो हसली.

"अगं बाई! देवानं तारा उलट्याच जोडल्या की!" आणि माझ्या मेंदूवर खुशाल भाकरी थापली.

त्या सकाळी भाकरी थापतानाच तिचा डावा हात गळाला. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. शेजारी राहणारा मामा धावत आला.

"वारं गेलंय अंगावरनं," तो म्हणाला. आमच्याकडं लकव्याला असंच म्हणतात, आणि पहिली धाव असते ती तेल चोळणाऱ्याकडं. मामानं सीमेकडच्या एका गावातल्या तेलवाल्याकडं जायला जीपही बोलावली आणि तोवर घरातली तेलाची बाटली घेऊन तिचा हात चोळत बसला.

"मामा, हाताला काही झालेलं नाही! दवाखान्यात चला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं."

"तू गप गं. कालची पोर तू. तेलानं लई जणांचे हात सुटल्यात."

"निदान तिला तरी विचारा!"

"तिला काय कळतंय आता?"

मला असा संताप आला! तिला सगळं कळत होतं. बोलणं समजण्याचं काम बहुतेकांचा डावा मेंदू करतो, आणि तिचा तो शाबूत होता. मी तिच्यासमोर बसले. "अव्वा, कुटं न्यायचं तुला?"

डावा हात मामाच्या मुठीत होता. तिनं पिठानं माखलेला उजवा हात उचलला आणि डोक्याच्या उजव्या बाजूवर आपटला. "हि... हितं." मग बोट माझ्याकडं केलं.

मामानं तेलाची बाटली खाली ठेवली. "बरं बाई. ही म्हणतीय तसं." तीच जीप दवाखान्याकडं वळली. वाटेत तो तिला पाणी पाजायला लागला, तेही मी अडवलं. गिळता येत नसेल तर पाणी फुप्फुसात जातं.

इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. आणखी उशीर झाला असता तर हे देता आलं नसतं." मामा बाकावर बसून लहान पोरासारखा रडला.

तुमच्या घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर चोळत बसू नका हो. सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात लगेच न्या. आणि माणूस बोलत नाही म्हणजे त्याला कळत नाही, असं समजू नका.

अव्वाचा व्यायाम अजून चालू आहे. तिची भाकरी डावीकडं जाड राहते. परवा ते बघून मला हसू फुटलं, तर म्हणाली, "माझ्याकडं काय बघतीस? उजव्या मेंदूला विचार की!"

भाकरी तशीच जाड होती. मी अख्खी खाल्ली.