कूस बदलण्याचा तक्ता

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा.

डॉक्टरांनी आईच्या कमरेखालची पट्टी सोडली आणि म्हणाले, "प्रेशर अल्सर. ग्रेड थ्री." मग मला समजेल असं सांगितलं. माणूस एकाच बाजूवर फार वेळ पडून राहिला की वजनाखालची कातडी मरते. ग्रेड थ्री म्हणजे जखम आतल्या चरबीपर्यंत गेलेली. "घरी यांचं कोण बघतं?" त्यांनी विचारलं.

मी दाराशी उभ्या असलेल्या, आईला सांभाळणाऱ्या शोभाताईंकडं पाहिलं. नुसतं पाहिलं.

ती जखम मी केली होती.

आईला स्ट्रोक झाला, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अकरा दिवसांनी तिला मंगळवार पेठेतल्या घरी आणलं. बायको मुलीच्या बाळंतपणाला पुण्यात होती. नर्सिंग ब्युरोनं चोवीस तास घरी राहायला शोभाताईंना पाठवलं. जवळच्या गडमुडशिंगी गावच्या, पन्नाशीच्या. आल्या आल्या त्यांनी भिंतीवर एक तक्ता चिकटवला. दर दोन तासांना एक चौकोन. आईची कूस बदलली की खूण करायची.

महिन्यानं त्या दोन दिवसांच्या सुट्टीवर निघाल्या. चपला घालता घालता म्हणाल्या, "दादा, बाकीचं काय ऱ्हायलं तर ऱ्हाऊ दे. आक्काला वळवायचं तेवढं चुकवू नका."

मी विसरलो नाही. मला लाज वाटली. वळवताना गाऊन वर सरकतो, आईच्या उघड्या अंगाला हात लागतो. बावन्न वर्षांचा मुलगा मी. पहिल्यांदा हात घातला तेव्हा आईनं डोळे गच्च मिटून घेतले. पुन्हा मी हात लावला नाही. ओलं बदलायला शेजारच्या काकू सकाळ-संध्याकाळ येत. मी पेज भरवली, पंखा लावला, उशाशी बसून राहिलो.

मी फौंड्रीत क्वालिटीला आहे. तपासणीचे कागद शिफ्ट संपताना एका बैठकीत भरून टाकायची आम्हाला सवय. रविवारी संध्याकाळी तसेच दोन दिवसांचे सगळे चौकोन भरून टाकले.

सोमवारी शोभाताईंनी हात धुतले, आईला कुशीवर घेतलं. माकडहाडावर जांभळा डाग होता. त्यांनी बोटानं दाबून बघितला, रंग जराही फिका पडेना. मग थोडा वेळ तक्त्यासमोर उभ्या राहिल्या. चार दिवसांत तो डाग फुटला.

जखम डॉक्टरांनी बघितल्यावर ब्युरोच्या सुपरवायझर मॅडम तक्ता तपासायला आल्या. माझे चौकोन एकूण एक भरलेले. शोभाताईंच्या महिन्यात मात्र एक चौकोन रिकामा होता आणि बाजूला त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'झोप लागली. दीड तास उशीर.'

"हे काय ताई?"

"खरं हाय ते. डोळा लागलता माझा."

"लिहायचं कशाला मग?"

"न्हाय लिवलं तर फुडच्या बाईला कसं कळायचं, आक्का किती येळ पडून हाय त्ये?"

मी तिथंच खुर्चीवर बसलो होतो. त्यांच्या फायलीत 'निष्काळजीपणा' असा शेरा पडला. दुसरा पडला तर काम जाणार. मी मॅडमना चहा विचारला.

मला वाटलं, आता ह्या काम सोडणार. त्या दुसऱ्या दिवशी सलाईनच्या पाण्यानं जखम धूत होत्या. हात लावण्याआधी दर वेळी आईला सांगत, "आक्का, आता डाव्या अंगाला न्हेते हां. हिरोईनीगत नुसतं पडून ऱ्हायचं न्हाय." आईच्या डाव्या ओठात हसू हलायचं. बोलता न येणाऱ्या बाईला हे सगळं कशासाठी सांगायचं, असा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. मी बघत राहायचो.

एकदा मला म्हणाल्या, "या हिकडं. शिका." आईखाली एक आडवी चादर असते, तिची कड धरून वळवायचं. वरून दुसरं पांघरूण असतंच. अंग कुठंही उघडं पडत नाही. "आक्कालाबी लाज असतीया की, दादा. तुमाला एकट्यालाच व्हय?"

मी वळवलं. आईचे डोळे उघडे होते.

हात धुताना मी म्हणालो, "ताई, त्या दोन दिवसांत..."

"ठाव हाय. समद्या खुणा एका दमात मारल्यात तुमी. दिसतंय की."

"मग मॅडमना का नाही सांगितलं?"

"तुमी सांगताय का बघत हुते." आणि त्या पुढच्या पट्टीच्या तयारीला लागल्या.

तीन महिन्यांनी जखम पूर्ण भरली. डॉक्टरांनी भिंग घेऊन पाहिलं. म्हणाले, "घरच्या घरी इतकी स्वच्छ भरलेली जखम मी क्वचितच पाहिलीय." नव्या कातडीवरून त्यांनी बोट फिरवलं. ही जखम कुणी भरली, हे त्यांनी विचारलं नाही. मला माहीत होतं.

तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर येणाऱ्या बाईंचं प्रमाणपत्र बघा, जरूर बघा. पण चुकलेला चौकोन त्या रिकामा ठेवतात का, तेही बघा. आणि त्या सुट्टीवर असताना तुम्ही काय करता, ते स्वतःला विचारा.

आई आता खुर्चीत बसते. बायको परत आलीय. शोभाताई कसबा बावड्याला एका आजोबांकडं कामाला जातात. शेरा अजून त्यांच्या फायलीत आहे. ते दोन दिवस आईला मी वळवलं नाही आणि तक्ता खोटा भरला, एवढं माझ्या सहीनं ब्युरोला लिहून देणं बाकी आहे.