वरून ओतलेलं पाणी

माझा तेव्हा कशावरच विश्वास नव्हता. नगरला सावेडीत एका शाळेत मी विज्ञान शिकवायचो, स्वतःला आधुनिक माणूस म्हणवून घ्यायचो, आणि कुणी गोड बोललं की त्याला काय हवं असेल याचा आधी अंदाज घ्यायचो. धर्म विचारणारा जात काढायला बघतोय आणि न विचारणाऱ्याला ती आधीच कळलेली आहे, अशी माझी पक्की खात्री होती. वडील खर्ड्याच्या बाजूला एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते, रविवारची उपासनाही तेच चालवत. आजोबा ख्रिस्ती झाले, पण गावाच्या लेखी आम्ही होतो तिथेच राहिलो. लहानपणी शेतकऱ्यांच्या दारात आम्हाला पाणी वरून ओतत. ओंजळ तोंडाशी धरून प्यायचं, भांड्याला हात लावायचा नाही. मी ते विसरलो नव्हतो. वडील विसरले असं वाटायचं आणि त्याचाच मला राग यायचा.

दुष्काळातल्या एका उन्हाळ्यात ते गेले. तार मिळून मी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. उन्हामुळे दिवस मावळायच्या आत माती द्यायलाच हवी होती. वस्तीतली धडधाकट माणसं पोटासाठी लांब गेलेली, म्हणून दोन म्हातारे आणि मी खणायला लागलो. हातभर मुरूम निघाला आणि खाली कातळ लागला. पहार नुसती वाजत होती. कित्येक वर्षांनी मी प्रार्थना केली, तीही भांडल्यासारखी: तुझ्यासाठी जन्मभर राबलेल्या माणसाला चार हात जमीन तरी दे.

थोड्या वेळाने रस्त्याच्या दुष्काळी कामावरची पाच माणसं घण आणि छिन्न्या घेऊन आली. एकही चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. पुढे पटका बांधलेला एक वयस्क शेतकरी होता.

"सरका, तुमच्यानं हुयाचं न्हाई," तो म्हणाला. "आमी रोज दगूडच फोडतो."

कामाचा खाडा पाडून हे फुकट कशाला येतील? आमच्या घरामागच्या विहिरीला अजून पाणी होतं. यांचा डोळा तिच्यावर असणार, माती झाली की विषय निघेल. ते घामाघूम होऊन माझ्या वडिलांसाठी कातळ फोडत होते आणि मी काठावर उभा राहून त्यांची तोंडं निरखत होतो. हे लिहिताना आज लाज वाटते.

ऊन कलताना खड्डा पुरा झाला. प्रार्थनेच्या वेळी पाचही जण हात जोडून उभे राहिले, प्रत्येकाने मूठभर माती टाकली. मग आमच्या घराच्या ओट्यापाशी येऊन त्या शेतकऱ्याने पाणी मागितलं. निघाला विषय, मी मनात म्हणालो. पण त्याला फक्त प्यायला हवं होतं. आमच्या भांड्याला तो थोडाच शिवणार, म्हणून मी तांब्या उंच धरला. त्याने ओंजळ पुढे केलीच नाही.

"वरून का वतता? मास्तर हातात देत व्हते."

मला काही कळेना. तेव्हा त्याने सांगितलं. काम सुरू झाल्यापासून वडील रोज दुपारी विहिरीचं पाणी घागरीतून रस्त्यावर नेत होते; आज घागर आली नाही म्हणून चौकशी केली, तेव्हा त्यांना कळलं.

"पयल्या दिशी आमी नगं म्हनलो. दुसऱ्या दिशी तहान लई लागली, मंग वंजळ केली. तर मास्तर म्हनले, म्हातारपनी हात कापतो माजा, सांडतंय. तांब्याच धरा."

वडिलांचा हात कधीच कापत नव्हता. फळ्यावरची त्यांची रेघ शेवटपर्यंत सरळ होती. जुनं सगळं टाकून दिलं असं समजणाऱ्या माझ्याच हातात ते वरून ओतलेलं पाणी उरलं होतं.

मी तांब्या त्याच्या हातात दिला. तो तोंड लावून प्याला आणि उरलेलं त्याने मागच्या माणसाला दिलं.

ती पाच माणसं माझ्या प्रार्थनेमुळे आली की वडिलांच्या घागरीमुळे, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. संशयी स्वभाव काही गेलेला नाही. पण दारात कुणी पाणी मागितलं की मी मनातल्या मनात देवाला म्हणतो, माझ्या हाताचा भरवसा नाही, तूच धर. आणि तांब्या पुढे करतो.