आबांचा रविवारचा थर

माझे सासरे बटाट्यावर रेघा ओढायला लागले की आमचा रविवार सुरू होतो. तोवर खरं तर निम्म्याहून अधिक दिवस संपलेला असतो. माणच्या माळावरचं ऊन पिवळं पडतं, मेंढरं वस्तीकडे वळतात, आधी नुसती धूळ दिसते आणि मग बऱ्याच वेळानं मेंढरं. अंगणात कडुलिंबाखालच्या चुलीचा धूर वर जायचा कंटाळा करतो आणि आडवाच पसरून राहतो. त्या धुरात आबा पातेल्यावर वाकून बसलेले असतात, हातात काटा घेऊन. मऊ पांढऱ्या बटाट्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत ते सावकाश रेघा ओढतात, रानात पेरणीची पाभर फिरवावी तशा. त्या वेळी हाक मारली तर त्यांना ऐकू जात नाही. कान ठणठणीत आहेत, माणूसच जागेवर नसतो.

मी दीपमाला, माहेर सांगलीचं. नवरा उदयसिंह साताऱ्यात नोकरीला, म्हणून आम्ही तिथं राहतो. पण दर रविवारी दहिवडीजवळच्या आमच्या गावी यायचं हा घरचा कायदा. लग्न ठरलं तेव्हा सासरे फौजी म्हटल्यावर मला वाटलं होतं, मिशा असतील, बंदुका असतील आणि सरहद्दीच्या गोष्टी असतील. मिशा निघाल्या. बंदूक चालवायला ते शिकलेही होते, पण जन्मभर त्यांनी हातात धरली ती पळी. मानसिंग आबा फौजेत मेसचे स्वयंपाकी होते.

"फौज पोटावर चालती, दीपमाला," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. ते मला कधी दीपा म्हणत नाहीत. हजेरी घेतल्यासारखं पूर्ण नाव घेतात.

साहेब लोकांसाठी ते मेसमध्ये जो पदार्थ करायचे, त्याचं इंग्रजी नाव त्यांच्या जिभेला कधी वळलं नाही. त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'थर'. खाली परतलेला खिमा, वर लोणी घालून मऊ केलेला बटाटा, आणि झाकणावर निखारे. साहेबांच्या थरात मिरी असायची. आमच्या थरात घरची कांदा-लसणाची चटणी असते, आणि ती किती असते हे पहिल्या रविवारी सांगलीच्या पोरीला डोळ्यांतून पाणी काढून कळलं. वरचा बटाटा बाभळीच्या निखाऱ्यांनी बदामी होतो, रेघांचे काठ कुरकुरीत होतात, आणि मधून चटणीचा लाल तवंग वर येतो. मोठ्या पळीनं आबा तो तळापासून उचलून ताटात ठेवतात. बाजरीची भाकरी सोबत. ते खाताना आमच्या घरात कोणी बोलत नाही. मी बडबडी बाई, पण मीही नाही.

ती पळी पितळेची आहे, लांब दांड्याची. मेसमध्ये कोणी पळवू नये म्हणून आबांनी दांड्यावर खिळ्यानं ठोकून स्वतःचा नंबर उठवलाय. बर्फातल्या तळावर हीच पळी, राजस्थानच्या वाळूत हीच पळी. निवृत्त होताना साहेब म्हणाले, घेऊन जा बाबा, दुसऱ्या कोणाच्या हाताला ती ऐकायची नाही. घरी ती कडुलिंबाला ठोकलेल्या खिळ्यावर टांगलेली असते. आबा चुलीपाशी बसल्या बसल्या, न बघता हात वर करतात आणि पळी हातात येते.

आता घरातली गंमत सांगते, म्हणजे गंमत म्हणावी की दुःख ते तुम्ही ठरवा. हा थर सगळ्यांनी खाल्लाय. जतला दिलेली माझी नणंद राजेश्वरी त्याच्यासाठी एवढ्या लांबून येते. गावचे सरपंच खाऊन गेलेत. खाल्ला नाही तो एकट्या राहीबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. मी त्यांना आत्या म्हणते.

आत्या मटण खात नाहीत. नुसतं खात नाहीत असं नाही, मटणाचं भांडं घरात येऊ देत नाहीत. म्हणून तर ती चूल अंगणात. पण बटाटे आत्याच करतात. आत, त्यांच्या चुलीवर उकडतात, सोलतात, तांब्याच्या बुडानं कुस्करतात, लोणी घालतात आणि परात उंबऱ्यावर ठेवून दोन पावलं मागे सरतात. मग आबा पुढे होऊन परात उचलतात. हातातून हातात कधीच नाही. थराचा निम्मा भाग आत्यांच्या हातचा, आणि झालेला थर त्यांनी जिभेवर ठेवलेला नाही. सगळे अंगणात बसले की त्या उंबऱ्याच्या आत भाकरी आणि आमटी घेऊन बसतात, तोंड आमच्याकडे करून.

"पिकतं तिथं विकत नाही," असं मी एकदा थट्टेनं आबांना म्हटलं. ते हसले नाहीत.

"आधी खायाची गं ती," ते म्हणाले. "लग्नात माझ्यापरीस जास्ती रस्सा वरपलेला तिनं. मी कारगिलच्या साली सुट्टीवर आलो, म्हटलं हिला थर करून घालावा, साहेब लोकं येडी झाल्याती ह्याच्यापायी. म्हसवडच्या बाजारातनं खिमा आणला. तर हिनं पदर लावला नाकाला. म्हनली, मला वास सोसत न्हाई." मग निखारे सारखे करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सगळ्या पलटणीनं बोटं चाटली. येका मानसानं चव बगितली न्हाई, आन् माझं ध्यान त्याच येका ताटाकडं."

इतकी वर्षं हा माणूस दर रविवारी मान घालून रेघा ओढत होता, ते कोणासाठी, हे मला त्या दिवशी समजलं. मला आत्यांचा रागच आला. एवढं काय ते नाक, असंही वाटलं.

मग एका रविवारी आत्यांची धाकटी बहीण, शालूबाई मावशी आली. मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही. जेवणं चालली होती. संध्याकाळ अशी निवांत होती की कडुलिंबाची पानं ताटात पडत होती तरी कोणी झटकत नव्हतं. आबांनी नेहमीची थट्टा केली.

"शालूबाई, तुमच्या भनीचं नाक लय मोठ्या घरचं हाय बरं का. आमच्या खिम्याचा वास सोसत न्हाई त्येला."

मावशीचा घास हातातच राहिला. "दाजी, तुमास्नी आजून ठाव न्हाई व्हय?"

"शाले, गप," आतून आत्यांचा आवाज आला.

पण शालूबाई ती. "गप कशाला? म्हातारं व्हायला आलासा दोघं. दाजी, कारगिलच्या उन्हाळ्यात दोन म्हैनं तुमचं पत्र न्हवतं, फोन न्हवता. शेजारच्या गावात येका जवानाची पेटी आली तवा ही उदयला बोटाला धरून शिंगणापूरला गेली. मी हुते की संगं. उन्हातनं अनवाणी पायऱ्या चढली. म्हादेवाला म्हनली, मालक जित्तं घरला येऊ द्या, जलमभर मटणाला शिवणार न्हाई. वास न्हाई आन् बीस न्हाई. नवस हाय त्यो."

आत्या उठून आत गेल्या. नवस बोलून दाखवला की त्याचं बळ जातं अशी त्यांची समजूत, म्हणून त्यांनी तो पंचवीस वर्षं पोटात ठेवला होता आणि नाकाला पदर लावून वेळ मारून नेली होती. माझा राग कुठल्या कुठे पळाला. आबांनी हातातली पळी खाली ठेवली आणि माळाकडे बघत बसले. आम्ही साताऱ्याला निघालो तेव्हाही ते तिथंच होते. पाठीवरून त्यांचं काही कळत नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तर कडुलिंबाखाली आबा नव्हते. अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, शेवग्याजवळ, त्यांनी माळावरून आणलेल्या तीन धोंड्यांची नवी चूल मांडली होती. शेजारी कोरं पातेलं, कोरं झाकण, कोरा काटा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं नवं लाकडी उलथनं. लाकडंसुद्धा वेगळी फोडलेली. आबांनी भर दुपारी दुसऱ्यांदा अंघोळ केली होती, दाढी केली होती आणि इस्त्रीचा सदरा घातला होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, साहेब तपासणीला येणार असल्यासारखी सगळी मांडामांड. कडुलिंबाखालून आणली होती ती फक्त बसायची फळी, आणि तीही घासून.

"आज मटण न्हाई," त्यांनी जाहीर केलं. "दीपमाला, मटकीला मोड आल्यात. पाट्यावर जाडंभरडं ठेचून दे. पार पीठ करू नगंस."

मग आत बघून म्हणाले, "उदयची आई, आज तू आमटी टाकू नगंस. माझ्या हातचं जेवायचं."

त्या दिवशी बटाट्यात लोणी नेहमीपेक्षा जास्त पडलं. मी बघितलं.

ती दुपार मला अजून स्वप्नात असल्यासारखी आठवते. मटकी, सुकं खोबरं, कांदा आणि चटणी यांचा वास दाट होत गेला. आबा त्यांच्या त्या तंद्रीत गेले, ओठांतल्या ओठांत काही गुणगुणू लागले. सावल्या अंगणभर लांबल्या. आत्यांनी परात उंबऱ्यावर ठेवली, पण दोन पावलं मागे सरल्या नाहीत. तिथंच चौकटीला टेकून, आबांना रेघा ओढताना बघत उभ्या राहिल्या. झाकणावर निखारे चढले. मेंढरांची धूळ आली, मग मेंढरं आली आणि निघून गेली.

निखारे काढले. आबांनी ताट भरलं आणि ते स्वतः घेऊन उंबऱ्याशी गेले, वर आणखी वाढायला एका हातात पळी. आत्या पाटावर बसल्या होत्या. आबा खाली वाकले. तेव्हा माझी नजर नव्या चुलीकडे गेली. उलथनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलंच होतं.

आबांच्या हातात ती पितळी पळी होती. तंद्रीत ते कधीतरी कडुलिंबापर्यंत गेले होते आणि हात वर गेला होता, नेहमीसारखा. खालची मटकी त्याच पळीनं परतली होती, आयुष्यभर मटणात बुडालेल्या पळीनं. उदयनंही बघितलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. बोलावं तर आबा जागीच मोडून पडणार. न बोलावं तर आत्यांचा नवस मोडणार, आणि त्या नवसावरच आपला माणूस जिवंत आहे असं त्या मानत आल्या होत्या.

बोलायची वेळच आली नाही. आत्यांची नजर पळीच्या दांड्यावर होती. त्या नजरेच्या रोखानं आबांनी खाली बघितलं.

"आगं," ते म्हणाले. इस्त्रीच्या सदऱ्यातला तो उंच माणूस एकदम लहान दिसायला लागला. "आगं, ही... मी सगळं नवं आणलं. धोंडंसुदिक नवं. हात गेला बघ. थांब, खाऊ नगंस. मी परत करतो." त्यांनी ताट मागे ओढलं.

आत्यांनी ताटाची कड धरली. "ऱ्हाऊ द्या."

"आगं पण नवस..."

"आवं, नवस माझा हाय का तुमचा?" आत्या म्हणाल्या. आवाज कडक होता, पण डोळे भरून आले होते. "मटणाला शिवणार न्हाई म्हनलं हुतं. मटण हाय का ह्यात? मग झालं तर. आन् ही पळी आज पाहतीया का मी? तिकडं तुमच्या हातात हीच हुती. पायरीवर डोस्कं टेकलं तवा दुसरं काय मागितलं मी? ह्या पळीचा हात माघारी यिऊ दे, एवढंच की. आता त्यो हात वाढतुया आन् मी न्हाई म्हणू? म्हादेव काय म्हनंल मला?"

आबांची ताटावरची पकड सुटली. आत्यांनी ते मांडीशी घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला, रेघांचा कुरकुरीत काठ त्यात धरला आणि तोंडात घातला. आत्या सावकाश चावत होत्या, डोळे मिटून. आबा उंबऱ्याबाहेर उकिडवे बसले होते, पोरगं निकालाची वाट बघतं तसे.

"मीठ कमी पडलंय," आत्या म्हणाल्या.

साहेबांनी कधी असं म्हटलं नसेल. आबांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, उठले आणि चप्पल काढून उंबऱ्याच्या आत आले. पळी हातातच होती. आत्यांनी ती बाहेर ठेवा असं म्हटलं नाही. फडताळातली मिठाची बरणी कुठं आहे एवढं त्यांनी मानेनं दाखवलं.