अशेम्ड आणि एम्बॅरस्ड

नर्सच्या नोकरीसाठी मी इंग्लंडला निघाले, तेव्हा अण्णा मला गाडीत बसवून द्यायला खेड स्टेशनवर आले होते. अण्णा म्हणजे माझे वडील, तालुक्यातल्या शाळेत इंग्रजीचे मास्तर. आई डोळे पुसत होती आणि अण्णा खिडकीशी उभे राहून मला शेवटचा धडा देत होते. "काही चुकलं तर 'आय अ‍ॅम अशेम्ड' म्हणायचं. एम्बॅरस्ड म्हणजे तेच गो, पण त्याचं स्पेलिंग चुकतं." गाडी हलली तरी ते बोलतच होते.

तिकडे गेल्यागेल्याच वॉर्डमध्ये माझ्या हातून एका आजोबांच्या पांघरुणावर चहा सांडला. मी अण्णांचं वाक्य म्हटलं. मुख्य सिस्टरनी मला बाजूला घेऊन विचारलं, चहाच सांडला ना, की आणखी काही केलंस? मग समजावलं. चारचौघांत फजिती झाली की एम्बॅरस्ड. आपण वाईट वागलो हे कोणी न बघताही आतून टोचतं, तेव्हा अशेम्ड. आपल्याकडे खजील, ओशाळणं असे शब्द आहेत, पण आमच्या घरात सगळ्याला लाजच म्हणायचे.

काही वर्षांनी मे महिन्याच्या सुट्टीत आई-अण्णा माझ्याकडे आले. त्या सिस्टरना आणि दोन मैत्रिणींना मी जेवायला बोलावलं. अण्णा हापूसबद्दल, खेडच्या जगबुडी नदीच्या पुराबद्दल बोलत होते. इंग्रजी पुस्तकी होतं, पण सगळ्या मन लावून ऐकत होत्या. मलाच प्रत्येक वाक्याची धास्ती. तेवढ्यात त्यांच्या हातून पांढऱ्या टेबलक्लॉथवर सोलकढी सांडली.

"आय अ‍ॅम व्हेरी अशेम्ड," अण्णा म्हणाले.

मी हसून, इंग्रजीतच, सगळ्यांसमोर सांगितलं की इथे एम्बॅरस्ड म्हणतात, अशेम्ड व्हायला काहीतरी पाप करावं लागतं. मैत्रिणी हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत. अण्णा उत्तर चुकलेल्या मुलासारखे "थँक यू" म्हणाले. उरलेल्या मुक्कामात ते कोणाशी 'यस' आणि 'नो'च्या पलीकडे इंग्रजी बोलले नाहीत.

पाहुण्या गेल्यावर भांडी आवरताना अण्णा म्हणाले, "इतकी वर्षं पोरांना मी दोन्ही एकच सांगत आलो गो." आवाजात राग नव्हता. माफी मागायची सोडून मी म्हटलं, जाऊ द्या अण्णा, एवढं काय त्यात.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. आईने फोनवर सांगितलं, अण्णांनी दहावीच्या वर्गात फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले आणि आपण आजवर चुकीचं शिकवलं, ते मुलीने दाखवून दिलं, असं पोरांना सांगितलं. "अभिमानाने सांगत होते," आई म्हणाली.

आता खेडला गेले की माझंच मराठी अडखळतं. गेल्या गणपतीत शेजारच्या बायका बसलेल्या असताना मला तांदूळ धुवायचे होते आणि रोवळी हा साधा शब्द आठवेना. नुसते हातवारे करत राहिले. अण्णा उठले, स्वयंपाकघरातून रोवळी आणून माझ्या हातात दिली आणि पुन्हा जागेवर जाऊन बसले. शब्द काही सांगितला नाही.

बाहेर गेलेल्यांनो, घर म्हणजे काय असं मला विचाराल, तर माझी चूक जिथे चारचौघांत कोणी काढत नाही, ते घर. तिथे पाऊल ठेवलं की मला लाज वाटते. ती कुठली, हे मला नीट माहीत आहे.