जाड कागदावरचे धवले

माझा प्रिंटर आणि मी, दोघेही म्हातारे. काम सांगितलं की आधी कुरकुरतो. त्यामुळे तळमजल्यावरच्या मावशी जाड कागदांचा गठ्ठा घेऊन दारात आल्या, तेव्हा मी सरळ सांगून टाकलं, "यात हा नाही चालणार. साध्यावर काढून देतो."

"साधा नको मास्तर. हलदीच्या ओल्या हातानं धराचा हाय. लगेच फाटंल."

मावशी धवलारीण. लग्नात एकेक विधी चालू असताना त्याचे धवले, म्हणजे त्या विधीची पारंपरिक गाणी, म्हणायची, हे त्यांचं काम. गावची जमीन विमानतळात गेली आणि त्या पनवेलला आमच्या इमारतीत आल्या, तरी उलवे-जासईकडून लोक त्यांना न्यायला यायचे. वाचता येत नाही, सगळं पाठ. पण मागच्या एका लग्नात त्या मध्येच अडकल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यांच्या मात्र जिव्हारी लागलं. आता पुढच्या आठवड्यात नातीचीच हळद होती आणि तिच्या मांडवात आपण विसरलो तर, या भीतीने त्यांना घास जाईना. शेवटी ठरलं ते असं: त्यांनी सांगायचं, मी टाइप करायचं आणि सुनेने, म्हणजे नवरीच्या आईने, कागद घेऊन मागे बसायचं. अडलं की पुढचे शब्द कानात सांगायचे. सुनेला धवल्यांची कधी गोडी लागली नाही, हे मावशींचं जुनं दुखणं.

टाइप करण्यात दोन दुपारी गेल्या. छापायला बसलो तर पहिला कागद अर्ध्यातच अडकला. दुसरा तिरका आला, ओळी सगळ्या कोपऱ्याकडे चढलेल्या. तिसऱ्याने चौथ्यालाही सोबत ओढलं. मी प्रिंटरला एक चापट ठेवून दिली.

"मारू नका हो, दमला असंल," मावशी म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात कामावरून सूनबाई आल्या. त्यांनी प्रिंटर चारी बाजूंनी पाहिला. "मास्तर, खालच्या ट्रेमधून कागद आत पूर्ण वळून येतो. एवढा जाड कसा वळणार? मागून सरळ घालायचा, एकेक." मागे एक फट आहे हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. त्यांनी आतले रबरी रोलर ओल्या फडक्याने पुसले, दमट हवेने वाकलेले कागद माझ्या जाडजूड शब्दकोशाखाली दाबले, सेटिंगमध्ये जाड कागद निवडला. मग एकेक पान शहाण्यासारखं बाहेर आलं. बिघडलेली पानं मी टाकायला निघालो, तर म्हणाल्या, "राहू द्या, मला द्या." वाणसामानाच्या यादीला होतील, असं मी धरून चाललो.

हळद आवारातच होती. मावशींनी सुरुवात झोकात केली. हळद लावायच्या धवल्यात मात्र दोन ओळींनंतर त्या थांबल्या. ओठ हलत होते, आवाज येईना. सूनबाई लेकीला हळद लावत होत्या, दोन्ही हात भरलेले, आणि कागद पार पलीकडे खुर्चीवर.

त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. हळद लावता लावता त्यांनी पुढची ओळ धरली. आवाज आधी कापरा होता, मग मोकळा झाला. मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि बऱ्याच वेळाने सुनेच्या मागून म्हणू लागल्या. माझे डोळे भरून आले, लपवण्यात काही अर्थ नव्हता.

नंतर पाणी प्यायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. ओट्यामागच्या भिंतीला ती बिघडलेली पानं ओळीने चिकटवलेली. तिरक्या ओळींचं एक, अर्धवट छापलेलं एक, जिथे शब्द तुटले तिथे पेनाने पुरे केलेले. फोडणीचे शिंतोडेही उडाले होते.

बाहेर येऊन मी मावशींना ते सांगायला गेलो.

"मना ठाव हाय," त्या म्हणाल्या. "रोज सकाली भाकऱ्या थापताना म्हनते ती. मी निजल्याचं सोंग करून आयकते." मग पदराने तोंड पुसून हळूच म्हणाल्या, "आता मी इसरले तरी चालंल."